पहिल्या हाकेची ओ

१

मालवणच्या बाजारात खाजं करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर 'हाक'चं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं आपलं. एक खोली, दोन टेबलं, करकरणारा पंखा आणि कोपऱ्यात लोखंडी मांडणीवर बसवलेला सर्व्हर. खाली कढईत गूळ आणि आलं उकळायला लागलं की वर पडद्यांनासुद्धा तो वास लागतो. किशोरी इथे नवी आली तेव्हा त्या वासानं तिला भूक लागायची. आता नुसता थकवा येतो.

थकायला कारणंही होती. पन्नाशीला टेकलेली बाई, पाठीचं दुखणं, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांची काळजी एकटीच्या डोक्यावर. 'हाक' ही मुळात भाईंची कल्पना. भाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि घरी बसून बायकोशी भांडण्यापेक्षा काहीतरी करावं म्हणून या उद्योगाला लागले. घरोघरी एकेक म्हातारं माणूस उरलंय, मुलं मुंबईला, आणि मुलांना रोज सकाळी एवढंच कळायला हवं असतं की आई उठली, बाप उठला. म्हणून भाईंनी त्या घरांत एकेक पेटी बसवली. रोज सकाळी ऑफिसातला सर्व्हर पेटीला पुकारतो. पेटीतून मुलाचा नाहीतर मुलीचा भरून ठेवलेला आवाज येतो, "आये गो." म्हातारी म्हणते, "ओ." ती ओ ऑफिसात पोचते, पडद्यावर तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागतो आणि मुंबईत लेकाच्या फोनवर दोन शब्द जातात: ओ दिली. दिवा लागला नाही तर किशोरी शेजारच्या घरी फोन लावते. झालं, एवढंच काम.

पण या मुलखातलं म्हातारं माणूस पहिल्या हाकेला ओ देत नाही. जीव गेला तरी देणार नाही. दाराबाहेरून कुणी एकदा हाक मारली तर गप्प बसायचं. दुसऱ्यांदा मारली तरी गप्प. तिसऱ्यांदा मारली तर तो माणूस, मग ओ द्यायची. बाकी जे काही असतं ते एकदाच हाक मारतं, असं लहानपणीच कानात भरलेलं. मुंबईच्या मुलांनी बनवून दिलेला प्रोग्रॅम आधी एकदाच पुकारायचा आणि म्हातारे ढिम्म बसून राहायचे. तेव्हा भाईंनी खटपट करून यंत्रालाच रीत शिकवली. तीन हाका, मध्ये थोडं थांबून. पडद्यावर दर हाकेला एक ठिपका. हिरव्या दिव्यापुढे तीन ठिपके हे इतकं ठरलेलं, की किशोरी ते बघायचीसुद्धा नाही.

त्या नावांत एक नाव तिचं स्वतःचं होतं, म्हणजे तिच्या अक्काचं. अक्का तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं. कसालच्या रस्त्यावरून आत वळलं की काजूच्या बागांमध्ये अक्काचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिच्या पेटीत किशोरीचाच आवाज होता. रोज सकाळी किशोरी इथे चहाचं पाणी ठेवायची आणि तिथे तिचाच आवाज म्हणायचा, "अक्का गो."

२

चतुर्थीच्या तोंडावर जुना सर्व्हर गेला. विजेचा खेळखंडोबा नेहमीचाच, त्या दिवशी तो जरा जास्त झाला इतकंच. नशीब म्हणायचं, कारण चतुर्थीत घरं माणसांनी भरलेली असतात आणि हाका बंदच असतात. किशोरीनं कुडाळहून नवं यंत्र आणलं, त्यावर नवी सिस्टिम चढवली आणि भाईंचा जुना प्रोग्रॅम त्यात नेऊन बसवला.

बसला नाही. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. जुन्या सिस्टिमला प्रत्येक पेटीचा एकच पत्ता माहीत असायचा, चार आकड्यांचा, तोंडपाठ होण्याजोगा. नव्या जगात पत्ते दोन तऱ्हांचे. जुने छोटे आणि नवे लांबलचक. आणि नव्या सिस्टिमची डीफॉल्ट, म्हणजे न सांगता ती आपल्या मनानं जे करते ते, असं होतं: आधी नव्या पत्त्यावर विचारायचं. तिथे कुणी बोललं तर तिथेच थांबायचं. कुणीच बोललं नाही तरच जुन्या पत्त्यावर जायचं. घरी आलेल्या पाहुण्यानं पुढलं दार सोडून आधी मागीलदारी जाऊन उभं राहावं, तसला प्रकार. भाईंच्या प्रोग्रॅमला बिचाऱ्याला मागीलदार असतं हेच ठाऊक नव्हतं. तो अडखळायचा, लटकायचा, अर्ध्या हाका गिळून टाकायचा.

चाकरमानी परत गेले, घरं रिकामी झाली आणि हाका सुरू करायची वेळ आली. चार रात्री जागून किशोरीनं कसंबसं जुळवून आणलं. पत्ता शोधायचं काम तिनं प्रोग्रॅमकडून काढून सिस्टिमच्याच गळ्यात घातलं. डीफॉल्टला मात्र हात लावला नाही. मुंबईच्या कचेऱ्यांत वीस वर्षं यंत्रं सांभाळताना ती एवढं शिकली होती की बनवणाऱ्यानं ठेवलेली डीफॉल्ट बदलायला जाऊ नये, एक निस्तरताना दहा बिघडतात. आणि खरं सांगायचं तर तिच्यात त्राण उरलं नव्हतं. पेट्यांना नवा पत्ता नाहीच. तिथे कोण बोलणार? यंत्र विचारील, गप्प बसेल आणि पुढल्या दारी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला उकळी फुटायच्या आत सगळे दिवे हिरवे झाले. सगळे. एकाही शेजाऱ्याला फोन नाही, एकाही लेकाची समजूत काढायची नाही. किशोरी कप हातात घेऊन खुर्चीत बसली आणि तिला रडू येईल की काय असं वाटलं, इतकं बरं वाटलं. किती दिवसांनी ती सकाळच्या वेळी बसली होती.

दिव्यांपुढे एकेकच ठिपका होता. तिनं तो पाहिला. ठिपक्यांचं चित्र नीट उमटत नसेल, बघू सवडीनं, असं म्हणून तिनं चहा प्यायला.

३

पुढचे काही दिवस असेच सुखाचे गेले. मग एका सकाळी सर्वेशचा फोन आला. पिंगुळीच्या महादू आजोबांचा हा मुलगा, ठाण्याला असतो. भांडखोर नाही, उलट बोलताना आधी तुमची तब्येत विचारणारा.

"किशोरीताई, बाबांनी ओ दिल्याचो मेसेज इलो."

"बरां झाला मगे."

"बरां कसला? बाबा कुडाळाक दवाखान्यात आसत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून. मी त्येंच्या उशाक बसलंय. पिंगुळीच्या घराक कुलूप आसा, चावी माज्या खिशात."

किशोरीनं पदरानं मान पुसली. नवं यंत्र, जुना प्रोग्रॅम, कालचीच ओ आज पुन्हा पाठवतंय बहुतेक, असं तिनं सांगितलं. माफी मागितली. महादू आजोबांची हाक बंद ठेवते म्हणाली. सर्वेशनं ते ऐकून घेतलं, पण फोन ठेवला नाही.

"आणखी एक आसा. सांगू काय नको, समजणा नाय."

"सांग रे."

"बाबा शुद्धीत नाय आसत. पण आज सकाळी झोपेतच त्यांनी ओ दिल्यानी. चांगली मोठ्यान. आणि तेच्या मागसून हो मेसेज. कालपण तसांच झाला. ओ दितत आणि खाटेर एका बाजूक सरकतत. कोणाक बसाक जागा करून दितत, तशे."

"तापात माणसा कायव करतत," किशोरी म्हणाली.

"व्हय," सर्वेश म्हणाला. "माका पण तसांच वाटता."

फोन ठेवल्यावर तिनं महादू आजोबांची हाक बंद केली. कालची ओ आज पाठवतंय, हे तिनं त्याला सांगितलं खरं. पण पेटीतून काल तरी ओ कुठून आली? घराला कुलूप होतं ते विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापासून.

४

प्रत्येक ओ सर्व्हर जपून ठेवतो. भाईंचा हट्ट तो. उद्या कुणी म्हणालं आमच्या आईनं ओ दिलीच नव्हती तर पुरावा हवा. श्वास घेण्याएवढी ओ आणि तिच्या मागेपुढे थोडा आवाज. ते कुणी कधी ऐकत नाही. दुपारी खाली खाज्याची कढई उतरली, बाजार जेवायला पांगला, तेव्हा किशोरीनं कानांवर हेडफोन चढवले आणि महादू आजोबांची आजची ओ लावली.

"ओ."

आजोबांचाच आवाज. खरखरीत, तंबाखूनं सुजलेला. चांगला खणखणीत. बंद घरातला आवाज म्हणावं तर मागे रिकामेपणा हवा, पाल चुकचुकायला हवी, छपरावर वारा हवा. इथे मागे एक खोली होती. मोठी. खूप जणांनी गप्प बसून भरलेल्या खोलीचा जो एक दाबलेला आवाज असतो, तो. आणि ओ संपता संपता चटई सरकल्याचा आवाज. आधी एक, मग तिच्याशेजारची, मग आणखी पलीकडची. दाटीनं बसलेली माणसं नव्या माणसाला जागा द्यायला कुल्ले उचलून इंच इंच सरकतात, तसा.

तिनं हेडफोन काढले. पंखा करकरत होता. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. बाहेर चांगलं रखरखीत ऊन होतं आणि त्याचा तिला आधार वाटला. नवा माइक... पण पेट्या तर जुन्याच, माइकही जुनेच. एका ओमध्ये दुसरीचा आवाज मिसळत असेल. होतं असं. तिनं दुसरी ओ लावली, आचऱ्याच्या शेवंतीबाईंची. बाई ठणठणीत, कालच बाजारात दुरून दिसलेल्या. त्यांची ओ आणि मागे तीच खोली. तिसरी लावली. तीच खोली. तीच चटई. चौथीत अगदी हळू, कुणी तरी म्हणत होतं, "सरा."

मग तिनं ओ कुठल्या पत्त्यावरून आली ते काढलं. खरं तर हे तिनं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. चार आकड्यांचा पत्ता कुठेच नव्हता. सगळ्यांच्या ओ लांबलचक पत्त्यावरून आलेल्या. एकाच पत्त्यावरून. आणि एकाही पेटीला तसला पत्ता कुणी दिलेला नव्हता. तिनंच बसवल्या होत्या सगळ्या, स्वतःच्या हातानं. ज्या घरांना मागीलदारच नाही त्यांच्या मागीलदारी सर्व्हर रोज सकाळी एकदा हाक मारत होता, आतून कुणी तरी ओ देत होतं, आणि ओ आली म्हणून तो पुढल्या दारी जातच नव्हता. खऱ्या पेट्या चतुर्थीपासून मुक्या होत्या. म्हातारे आपापल्या घरी हाकेची वाट बघत बसले असतील, आणि नंतर यंत्र बिघडलं असेल म्हणून कामाला लागले असतील.

अक्काची ओ पडद्यावर तिसऱ्या ओळीत होती. तिनं बोट त्यावर नेलं आणि मागे घेतलं. भीती वाटली, दुसरं काही नाही. अक्काकडे पेटीपुरती तार पोचलेली, मोबाइलची रेंज नाही. आठ-पंधरा दिवसांनी एकदा जाऊन यायची ती, पण या यंत्राच्या रगाड्यात चतुर्थीनंतर जाणं झालं नव्हतं. जायची गरजही वाटली नव्हती. रोज सकाळी ओ येत होती ना.

५

संध्याकाळी भाई आले. येताना नेहमीप्रमाणे खालून खाज्याची पुडी घेऊन आले आणि टेबलावर ठेवली. किशोरीनं सगळं सांगितलं. पत्त्याचं, डीफॉल्टचं, महादू आजोबांचं. खोलीचंही सांगितलं, जरा आडून आडून. कुणी खोड्या काढतंय बहुतेक, बाहेरून आत घुसलंय, असं म्हणाली. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता, पण बोलायला काहीतरी लागतं.

"एका ओळीचां काम आसा, भाई. सिस्टिमीक सांगाचां की नव्या पत्त्याक जावच नको. जुन्याच वाटेन जा. उद्या सकाळी सगळा पयल्यासारखा होतला."

भाईंनी खाज्याचा एक तुकडा मोडला आणि तो खाल्लाच नाही, नुसता हातात धरून बसले.

"करू नको."

"कित्याक?"

"नर्मदाचो दिवो बघलंस?"

नर्मदाकाकी म्हणजे भाईंची बायको. पहिली पेटी भाईंनी गावच्या घरी तिच्यासाठीच बसवली होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन. भाई गावच्या घरी ती पेटी काढायचं आज करतो, उद्या करतो म्हणत राहिले, आणि पडद्यावरचं नाव काढून टाकायचा किशोरीला धीर झाला नाही. तळाशी करडा दिवा घेऊन ते नाव पडून असायचं. इतकं सवयीचं की नजर तिथे पोचायचीच नाही. आता पोचली. दिवा हिरवा होता.

"रोज सकाळी तू येवच्या आधी मी येतंय," भाई म्हणाले. "तिची आदल्या दिवसाची ओ ऐकतंय, आणि जातंय. पयल्या हाकेक ओ दिता ती, किशोरी. हयात होती तेवा कधी दिल्यान नाय. बारा हाका मारलंय तरी आपल्या कामात. आता पयल्याच हाकेक दिता."

 भाईंचा किशोरीला राग आला आणि भाईंची दयाही आली, आणि दोन्ही एकाच वेळी आल्यामुळे ती जास्तच थकली.

"भाई, बाकीचे जिते आसत," ती म्हणाली. "त्येंची मुलां आमच्या भरवश्यार आसत. उद्या थयसर कोण पडला, तर आमका कळाचा नाय. हयसर आपली हिरवी बत्ती. आंधळा दळता नि कुत्रा पीठ खाता, तशातली गत."

"एक दिवस," भाई म्हणाले. "उद्या एक दिवस ऱ्हव दे. मगे कर."

ते गेल्यावर तिनं दिवा मालवला, खुर्चीत बसली, आणि ती एक ओळ लिहून टाकली. भाईंना सकाळी काय सांगायचं ते सकाळी बघू.

६

सकाळी सर्व्हर जुन्या वाटेनं निघाला.

एक ठिपका. काही नाही. दुसरा ठिपका. काही नाही. किशोरीनं नख चावलं. तिसरा ठिपका आला आणि शेवंतीबाईंचा दिवा हिरवा झाला. ओ लावून बघितली. मागे कोंबड्या, रेडिओ, आणि शेवंतीबाईंचं लगेचचं बोलणं, "इतके दिस खंय मेलो होतो रे तू?" किशोरी एकटीच हसली. मग दुसरा दिवा, तिसरा. नेहमीसारखे हळूहळू, रेंगाळत, एकेक करून, जशी म्हातारी माणसं उठतात तसे. तीन तीन ठिपके. हे रडतखडत चालणारं, जीव खाणारं जुनं काम तिला त्या सकाळी किती आवडलं म्हणून सांगू.

महादू आजोबांची हाक बंदच होती. नर्मदाकाकी करडी. भाई आले, त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि ते तसेच जिना उतरून गेले.

आणि अक्का करडी.

तीन ठिपके, ओ नाही. तिनं पुन्हा हाक लावली. तीन ठिपके. अक्काच्या शेजारणीला, मथुरावहिनीला फोन लावला, तो लागला नाही. तिथे रेंज आंब्याच्या झाडाखाली उभं राहिलं तरच मिळते. अक्का मागीलदारी असेल. न्हाणीत असेल. पेटीची पिन निघाली असेल. सगळं शक्य होतं. हे सगळं मनात म्हणत असतानाच तिनं अक्काची कालची ओ लावली. जी नव्या पत्त्यावरून आलेली, जी काल ऐकायची हिंमत झाली नव्हती ती.

"अक्का गो," तिचाच आवाज.

"ओ."

पहिल्या हाकेला. अक्काचाच आवाज, पेजेतल्या भातासारखा मऊ. मागे ती खोली. चटया सरकल्या, एकापाठोपाठ एक. आणि मग कुणी तरी तळहातानं चटई थोपटली. दोनदा. थोडं थांबून आणखी एकदा.

किशोरीनं ओ थांबवली. गावच्या जत्रेला रात्री दशावतारी नाटक असायचं. लहानगी किशोरी दिवेलागणीलाच पेंगायची. अक्का लवकर पुढे जाऊन चटई अंथरून ठेवायची, आजूबाजूच्या बायांना कोपरानं सरकवायची, आणि गर्दीतून किशोरी दिसली की हाक मारायची नाही. जत्रेत कुणाला हाक मारू नये म्हणायची. नुसती तळहातानं चटई थोपटायची. दोनदा, आणि थांबून एकदा. इथे ये. तुझी जागा ठेवलीय.

हे जगात दोघींनाच ठाऊक होतं.

७

ती स्कूटरवरून निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कसालच्या रस्त्याला लागल्यावर फोन वाजला. थांबून बघितलं तर सर्वेशचा. तिनं तो घेतला नाही. काय सांगणार ते ऐकायची तयारी नव्हती. पाठ ठणकत होती. भात पोटरीला आलं होतं, बांधांवर बायका बोलत होत्या, आणि सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की तिला वाटलं आपण उगाच धावतोय, अक्का दारातच भेटेल आणि म्हणेल, "गो, तोंड कित्याक सुकला तुजा?"

आधी मथुरावहिनीचं घर लागतं. वहिनी अंगणातल्या खळ्यात लोखंडी सुळ्यावर नारळ सोलत होती. किशोरीनं स्कूटर बंद न करताच विचारलं, "अक्का बरी आसा मां?"

"बरी आसा की. सकाळीच खोकताना ऐकलंय." वहिनीनं हात पुसले. "तुजी ती पेटी माज्याकडे आसा हां. सणाची माणसा गेली त्याच दिवशी अक्कान आणून दिल्यान. म्हणाली, तेचो दिवो रात्रीचो डोळ्यार येता, आणि तां हल्ली हाक पण मारणा नाय. फडताळात ठेवलंय, वायर गुंडाळून."

किशोरीनं डोळे मिटले. केवढा सुटकेचा श्वास टाकला तिनं. म्हणजे म्हणून दिवा करडा. पेटी फडताळात आणि अक्का घरात, खोकतेय. सगळ्याला साधं कारण असतं, माणूस थकलं की त्याला सुचत नाही, एवढंच.

"भेटलंस काय तिका?"

"नाय गो, दोन-तीन दिस जमला नाय. तिच्याकडे माणसा इलीत ना."

"कोण माणसा?"

"माका काय म्हायत? तुमचेच कोण पावणे असतले. मागीलदारच्या बाजूक बोलणी ऐकाक येतत. खूप जणां आसत, पण आवाज मोठो नाय. जेवणाखाणाचा तिका कसा निभता, विचारूक जावचा म्हणत होतंय." वहिनीनं पुन्हा नारळ हातात घेतला. "तू इलंस, बरां झाला. तीपण तुजी वाट बघता असतली."

किशोरीनं स्कूटर तिथेच लावली आणि पायवाटेनं चालत निघाली. काजूच्या पानांचा पाचोळा पायाखाली वाजत होता. अक्काच्या खळ्यात कुणाच्या चपला नव्हत्या. एवढी माणसं आली असती तर चपला हव्यात. खळं मात्र सारवलेलं होतं, तुळशीला पाणी घातलेलं होतं. पुढलं दार ओढून घेतलेलं. कुलूप नाही, कडी नाही, नुसतं ओढलेलं. आतून कसलाच आवाज येत नव्हता. पण तो रिकाम्या घराचा गप्पपणा नव्हता. ती पायरीखाली उभी राहिली आणि तिनं तो गप्पपणा ओळखला. कानांवर हेडफोन चढवल्यावर आला होता तोच.

परत फिरावं. मथुरावहिनीला घेऊन यावं. चार माणसं गोळा करावीत. हे सगळं तिला सुचलं, अगदी नीट सुचलं. मग तिला आठवलं की आत खोकणारी अक्का आहे, आणि विसर्जनापासून आपण तिची चौकशी एका यंत्रावर सोपवली होती. तिला आपली फार लाज वाटली. आणि त्याहून जास्त अक्काला बघावंसं वाटलं.

तीन हाका मारायच्या, तिनं मनाशी ठरवलं. अक्का पहिल्या हाकेला ओ देणार नाही. दुसऱ्या हाकेलाही देणार नाही. तिसरीला कुरकुरत देईल, "इलंय गो, इलंय," आणि दार उघडेल. तिनं घसा साफ केला.

"अक्का गो."

"ओ."

हाक पुरती तोंडाबाहेर पडली नव्हती. अक्काचाच आवाज, मऊ, जवळचा, दाराला अगदी लागून. त्यात कुरकुर नव्हती, खोकला नव्हता. किशोरी तशीच उभी राहिली. दुसरी हाक मारायला हवी होती. ती तिनं मारली नाही. पाठीतली कळ मांड्यांपर्यंत उतरली होती, आणि किती दिवसांत आपण धड बसलेलोसुद्धा नाही, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं.

आत चटई सरकली. मग तिच्याशेजारची. मग आणखी पलीकडची, खूप आतपर्यंत, त्या घरात मावणार नाही इतक्या आतपर्यंत. दार बोटभर उघडं झालं होतं. फटीतून उन्हाची एक तिरीप जमिनीवर पडली होती, आणि तिच्यात अक्काचा हात दिसत होता. हिरव्या बांगड्यांचा. नवरा गेल्यापासून अक्कानं हातात बांगडी घातली नव्हती.

हातानं चटई थोपटली. दोनदा. मग थांबून आणखी एकदा.

किशोरीनं पायातल्या चपला काढल्या.